नऊ मिनिटं एक्कावन्न सेकंद

आक्का, इम्रानच्या जिममधल्या फळ्यावर माझ्या नावापुढे जो आकडा होता, तो खोटा होता.

हे तुला समोरासमोर सांगायचं होतं. चार महिने रोज सांगणार होतो. सकाळी साडेसहाला तू धापधाप जिना चढून यायचीस, लुगड्याचा काष्टा आवळायचीस, आणि मी मनात म्हणायचो, आज सांगून टाकू. तेवढ्यात तू माझ्याकडे बघून म्हणायचीस, "काय रं मास्तर, तोंड आसं का? पोट साफ न्हाय झालं?" चारचौघांत असा प्रश्न आल्यावर माणूस कबुलीजबाब कुठून देणार?

गेल्या मंगळवारी तू गेलीस. अलिबागच्या इस्पितळात नेता नेता, वाटेतच. तुझं माहेर कुठलं, मासळी बाजारात किती वर्षं बसलीस, मागे नातवंडं किती, हे सगळं तुझा मुलगा बोर्डावर लिहील आणि मुरूडच्या नाक्यावर लावील. माझ्याकडे तसलं काही नाही. माझ्याकडे फक्त हा आकडा आहे.

मी त्या जिममध्ये का आलो, याची तू तुझ्या गिऱ्हाइकांना सांगितलेली गोष्ट अर्धीच खरी होती. पूर्ण अशी. विहारात वंदना चालली होती. मी पुढच्या रांगेत मांडी घालून बसलो होतो. निवृत्त मुख्याध्यापकाला मागे बसू देत नाहीत. वंदना संपली, सगळे उठले. मला उठता येईना. डावा गुडघा हो म्हणत होता, उजवा नाही म्हणत होता, आणि पोट दोघांच्या मध्ये. मी डोळे मिटून घेतले. लोकांना वाटलं, मास्तर ध्यानात गेले. कुणी पंखा लावला, कुणी पोरांना गप्प केलं. दहा मिनिटं माझी साधना चालली. शेवटी दोघांनी बगलेत हात घालून उभं केलं. सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. फक्त अख्ख्या आळीला सांगितली.

मग डॉक्टर, मग साखरेची तपासणी, मग इम्रान. बारा वर्षं कुवेतला नोकरी करून आलेला हा पस्तीस वर्षांचा गडी, वडिलांच्या दुकानावरच्या मजल्यावर जिम काढून बसला होता. मुंबईचं कुठलं तरी हॉटेल बंद पडलं, तिथून त्यानं वल्हवायचं यंत्र उचलून आणलं होतं. सरकती सीट, पाय बांधायला पट्टे, साखळीला लावलेला दांडा आणि पुढे पंख्याचं मोठं चाक. गावात त्याचा उपयोग कुणालाच कळेना, म्हणून पोरं त्यावर टॉवेल वाळत घालायची. मी म्हटलं, हे बसून करायचं आहे, म्हणजे माझ्यासाठीच आहे.

पहिल्या दिवशी मी पांढरा लेंगा घालून गेलो. यंत्राच्या बाजूला एक ते दहाचा खटका होता. मी गणिताचा माणूस. दहा हा एकापेक्षा मोठा, तेव्हा दहावर केला. एक जोराचा झटका मारला, सीट मागे गेली, आणि माझ्या लेंग्याची लोंबती नाडी सीटखालच्या चाकात गुंडाळली गेली. पुढे सरकलो की नाडी आवळायची, मागे सरकलो की लेंगा उतरायचा. मी मध्यावर थांबलो. इम्रान खाली कुणाशी तरी बोलत होता. हाक मारावी तर तो एकटा येईल याची खात्री नव्हती.

आलीस तू. इम्रानच्या आईला बोंबील द्यायला आली होतीस आणि तो वर असेल म्हणून पाटी घेऊन जिना चढलीस. मला बघितलंस. पाटीतून सुरी काढलीस.

"हलू नको मास्तर. न्हायतर भलतंच कापंल."

नाडी कापलीस. लेंगा दोन्ही हातांनी धरून मी उभा राहिलो, तेव्हा तू त्या यंत्राकडे वाकून बघत होतीस.

"ह्ये काय हाय?"

"वल्हवायचं यंत्र आहे, आक्का. होडी वल्हवल्यासारखा व्यायाम होतो."

"आनि पानी कुठं हाय?"

मी समजावून सांगायला लागलो. हवेचा दाब, चाकाची गती, वगैरे. तोवर तू चपला काढून बसलीससुद्धा. काष्ट्याचं लुगडं गुडघ्यापर्यंत, कुठे काही लोंबत नाही, अडकत नाही. त्या यंत्रासाठीच कुणीतरी शिवून दिल्यासारखं. पायांनी रेटलंस, मग पाठ, मग हात. चाकातून वारा घुमला. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी तोच आवाज, तितकाच लांब. इम्रान वर आला तो दारातच उभा राहिला. लहानपणी बापाबरोबर राजपुरीच्या खाडीत कालवं काढायला जायचीस आणि येताना बाप बिडी ओढत बसायचा, वल्हं तुझ्याकडे असायचं, हे तू नंतर सांगितलंस. तेव्हा एवढंच म्हणालीस, "पन्नास वर्सांनी हात लावला. होडी बरी हाय. भिजवत न्हाय."

दुसऱ्या दिवसापासून तू रोज यायला लागलीस. इम्राननं विचारलं, मावशी, बाजाराचं काय? तर म्हणालीस, "गिऱ्हाईक नवाला उठतंय. तवर मी काय मासळीची तोंडं बगू?"

आणि मग माझी शाळा सुरू झाली. चौतीस वर्षं पोरांना शिकवलं, पण असं कुणाला बोललो नव्हतो जसं तू मला बोललीस. "हातानं काय वडतंस? वल्हं पायानं मारायचं. हात निस्तं दोर हायत, दोर." "आर पाठ बग तुजी, कोलंबी झालीय." "पुडं येताना घाई कशाला? पानी पळून चाललंय?" खटका चारवर ठेव, हे तू पहिल्याच आठवड्यात सांगितलंस. मी ऐकलं नाही. तुझं शिक्षण तिसरी, माझं बीएड. मी तुला तरफेचा नियम खडूनं जमिनीवर काढून दाखवला आणि दहावर वल्हवलं. दुसऱ्या दिवशी बूट घालायला वाकलो, तो वाकलेलाच राहिलो. सहा दिवस सतरंजीवर पडून होतो. तू बघायला आलीस, सुनंदाच्या हातचा चहा घेतलास आणि माझ्या उशाशी बसून म्हणालीस, "त्यो नियम काय म्हनला होतास? परत सांग की."

त्यानंतर खटका चारवर. आजही चारवर. हे भांडण तू जिंकलीस, मान्य.

पण पडद्याचं भांडण नाही. यंत्रावर छोटा पडदा आहे, मीटर दाखवतो, वेळ दाखवतो, गती दाखवतो. मला त्यावाचून चैन पडत नसे. तू बसलीस की आधी त्यावर तुझा टॉवेल टाकायचीस. मी म्हणायचो, आकडा दिसला नाही तर कळणार कसं कुठे आहोत? तू म्हणायचीस, "आवाज ऐक. आवाज तुटला तर तू तुटलास." मी म्हणायचो, हे शास्त्र नाही. तू म्हणायचीस, "मंग वाच आकडं आनि बुड." दोन वर्षं रोज हा संवाद. इम्रान कानात बोळे घालून बसायचा. हे भांडण अर्धवट राहिलं आहे आणि त्यात मी माघार घेतलेली नाही, हे नोंदवून ठेवतो.

वजनांच्या बाबतीत मात्र तू सगळ्या जिमलाच बदललंस. इम्रान किलोत बोलायचा. तू पाटीत बोलायचीस. बार जमिनीवरून उचलून पाहायचीस आणि सांगायचीस, "ही मांदेलीची पाटी. अजून घाल." चकत्या वाढल्या की, "आता झाली सुरमईची." हळूहळू पोरंही तसंच बोलायला लागली. कॉलेजातली धिप्पाड पोरं एकमेकांना विचारायची, आज किती पाट्या? आणि तुम्हा मासळीवाल्या बायकांची ती रीत, पाटी डोक्यावर घ्यायची तर जाणाऱ्या येणाऱ्याला हाक मारायची, "जरा हात लाव रं." ती तू तशीच जिममध्ये आणलीस. भरलेला बार खांद्यावर घेऊन बैठक मारायची वेळ आली की कुणालाही म्हणायचीस, हात लाव. त्या हाताला खरं वजन लागायचंच नाही. नुसता कुणाचा तरी हात जवळ हवा. मला आधी लाज वाटायची असं म्हणायची. माणसानं स्वतःचं वजन स्वतः उचलावं, असं मी पोरांना आयुष्यभर शिकवलं. मग एकदा बैठकीत खाली गेलो आणि बारासकट खालीच राहिलो. विहारातल्यासारखं ध्यान लावायची सोय नव्हती. म्हटलं, "आक्का, हात लाव." तू दोन बोटं लावलीस. दोनच. मी उठलो.

त्या दिवसापासून विहारात मी वंदनेनंतर सगळ्यांच्या आधी उठतो. लोकांना वाटतं, मास्तरांचं ध्यान कमी झालं.

आता त्या आकड्याकडे येतो.

गेल्या पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या, बाजार सुना होता, आणि तुझ्या अंगात ताकद मावत नव्हती. इम्राननं भिंतीवर काळा फळा लावला. वर लिहिलं, दोन हजार मीटर, वय साठच्या वर. असे दोघंच होतो आपण. तू टॉवेल टाकून वल्हवलंस आणि नऊ मिनिटं सत्तावन्न सेकंदांत संपवलंस. सहासष्टाव्या वर्षी. टॉवेल काढून इम्राननं वेळ सांगितली, तर तू विचारलंस, "म्हंजे बरं का वाईट?" मी एकसष्टचा, पुरुष, बीएड, तरफेचा नियम पाठ असलेला, दहा अठ्ठेचाळीस. मग दहा चाळीस. मग परत दहा त्रेचाळीस. बाजारात सुनंदा मासळी घ्यायला गेली की बायका विचारायच्या, "मास्तर अजून खाडीतच हायत का?"

ऑक्टोबरात एकदा इम्रान कामानं अलिबागला गेला, किल्ली माझ्याकडे देऊन. तू बाजारात. मी एकटा. जीव तोडून वल्हवलं. दहा मिनिटं एकतीस सेकंद. माझी तोवरची सगळ्यात चांगली वेळ होती ती, आक्का. खरं तर आनंद व्हायला हवा होता. मी उठलो, खडू हातात घेतला आणि फळ्याकडे बघितलं. वर तुझं नऊ सत्तावन्न.

हातानं लिहिलं, नऊ एक्कावन्न.

पन्नास का नाही लिहिलं, तर पूर्ण आकड्याचा संशय येतो. चौतीस वर्षं कॉपी करणारी पोरं पकडली, त्यातून मिळालेलं ज्ञान मी असं सत्कारणी लावलं. यंत्राचा पडदा बंद केला आणि घरी जाऊन आंघोळ केली.

दुसऱ्या दिवशी तू फळ्यापुढे उभी राहिलीस.

"मास्तर, येक्कावन?"

"हो."

"बरं."

एवढंच. आणि जाताना म्हणालीस, "आइतवारी जेवायला ये. सुनंदाला आन."

ते जेवण मी विसरणार नाही. सुरमईचं कालवण, तळलेल्या तुकड्या, तांदळाच्या भाकऱ्या, सोलकढी. तू शेजारपाजारच्यांना बोलावून सांगत होतीस, "ह्या मास्तरानं मना हरवलं. बगा, दिसतो का?" सगळे हसत होते. सुनंदा तर अशी बघत होती माझ्याकडे, लग्नातसुद्धा तशी बघितली नव्हती. मी खाली मान घालून पाच तुकड्या खाल्ल्या. इतकी चविष्ट शरम मी आयुष्यात खाल्ली नव्हती.

त्यानंतर तू माझ्या मागे लागलीस. आठवड्यातून तीनदा लांब वल्हवणं, दोनदा वजनं. थांबलो की, "येक्कावनवाला मानूस आसा हापतो व्हय?" पाटी वाढवायची म्हटलं आणि मी कुरकुरलो की, "आरं तू मना हरवलंस. तुला काय जड?" प्रत्येक वेळी मी खजील व्हायचो आणि त्या खजीलपणात आणखी पाच मिनिटं ओढायचो. मला वाटायचं, बिचारी किती विश्वासानं बोलते.

बुधवारी तुला घेऊन निघालो. सुरूच्या बनापलीकडे जायचं, म्हणजे अर्धी वाट वाळूतली. तिरडी उचलायच्या वेळी सगळे क्षणभर घुटमळले, कुणी पुढे व्हायचं यावरून. मीच म्हटलं, हात लावा रं. तुझ्या मुलानं चमकून माझ्याकडे बघितलं आणि मग रडला. मी पुढचा डावा खांदा घेतला. बदली माणूस दोनदा आला, दोनदा परत पाठवला. वाळूत पाय रुततात तेव्हा मांडीतून चालायचं असतं, कमरेतून नाही. हे मला कुणी शिकवलं ते तिथे सगळ्यांना माहीत होतं.

शुक्रवारी मी जिममध्ये गेलो. इम्रान एकटाच होता. मी त्याला म्हटलं, "तो आकडा पुसायचा आहे. खोटा आहे तो." आणि सगळं सांगितलं.

तो यंत्र पुसत होता. पुसतच राहिला. मग म्हणाला, "सर, मावशीला माहीत होतं."

"काय?"

"तुम्ही लिहिलंत त्याच्या दुसऱ्या दिवशीच. तुम्ही गेल्यावर मला म्हणाल्या, तुझ्या होडीच्या पोटात काय लिवलेलं ऱ्हातं ते दाव. याच्यात आठवण असते ना, सर. पडदा बंद केला तरी जात नाही. मी दाखवलं. दहा एकतीस."

मी बाकड्यावर बसलो.

"मी म्हटलं, मावशी, फळा पुसतो. तर माझा हात धरला त्यांनी. म्हणाल्या, पुसू नको. हातानं लिवलंय त्यानं, आता त्याच्या पायाकडनं खरं करून घेऊ."

आक्का, तुझा एवढा राग मला कधीच आला नव्हता. म्हणजे ती सुरमई. ते शेजारी. ते "दिसतो का?" ते चार महिने, रोज सकाळी, तोंडावरची रेषही न हलवता "येक्कावनवाला". ते जेवण जिंकल्याबद्दल नव्हतंच, जिंकायच्या आधी आगाऊ दिलेलं होतं. मी तुला फसवतोय या विचारानं झोप उडालेला माणूस, आणि तू मला त्या झोपेसकट वल्हवायला लावत होतीस. मी इतका हसलो की इम्रान घाबरला. मग हसता हसता दुसरंच सुरू झालं. त्यानं पाण्याची बाटली पुढे केली आणि खिडकीतून बाहेर बघत राहिला, भला माणूस.

घरी जाऊन सुनंदाला सांगितलं. तिनं भाजी चिरता चिरता ऐकलं आणि विचारलं, "मग आता?"

"आता वल्हवतो."

"मी येते. तुझं लिहिलेलं मी आता बघितल्याशिवाय मानणार नाही."

आज सकाळी आम्ही तिघं. सुनंदा पहिल्यांदाच जिमचा जिना चढली आणि स्टुलावर पर्स मांडीवर घेऊन बसली, बोर्डाच्या परीक्षेला बाहेरून आलेल्या पर्यवेक्षकासारखी. खटका चारवर. इम्रान म्हणाला, सर, टॉवेल टाकू का पडद्यावर, मावशींसारखा? मी नाही म्हटलं. ते भांडण वेगळं आहे.

पहिले पाचशे मीटर मी फार वेगानं गेलो, रागात. दुसऱ्या पाचशेत तू म्हणायचीस तशी पुढे येताना घाई सोडली. हजारला बरोबर चार छप्पन्न. चौदाशेला पाय संपले. खरंच संपले, आक्का. मांड्यांत वाळू भरल्यासारखं झालं आणि आकडा नऊ अठ्ठावन्नच्या अंदाजाकडे सरकायला लागला. तेव्हा मी डोळे मिटले. विहारातल्यासारखे नाही, खरे. चाकाचा आवाज ऐकू आला. तुटत होता. प्रत्येक ओढीला शेवटी एक तुकडा गळत होता. मी तो तुकडा परत जोडत गेलो, पायांनी, एकेक. किती वेळ ते माहीत नाही. इम्रान ओरडला, "शेवटचे शंभर, सर." सुनंदा म्हणाली, "पाठ, पाठ." तिला हे कुणी शिकवलं, कोण जाणे.

नऊ मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद.

मी तसाच बाजूला जमिनीवर कलंडलो. छतावरचा पंखा बघत पडलो होतो. इम्रान पडद्याचे फोटो काढत होता, दोनतीनदा. सुनंदानं वाकून स्वतः वाचलं, चष्मा वर करून, मग खाली करून. "बरोबर आहे," ती म्हणाली, आणि पदरानं माझं तोंड पुसलं.

मग कुणाचाही हात न घेता मी उठलो. ओल्या फडक्यानं एक्कावन्न पुसलं. खडूनं लिहिलं, नऊ अठ्ठेचाळीस. अक्षर वेडंवाकडं आलं, पण पुसून परत काढलं नाही.

त्याच्या खाली तुझं नाव आणि नऊ सत्तावन्न. इम्राननं हळूच विचारलं, "मावशींचं काढू का आता, सर? ठेवू?"

मी म्हटलं, राहू दे. ती दुसरी आलीय. नऊ सेकंदांनी, दोन साक्षीदारांसमोर, खरोखर.